पावतीपुस्तक नको, मतपेटी द्या

आज एसटीच्या एका वाहकाची पगारस्लिप पाहिली आणि डोकं सणकलं. एकाच महिन्यात दोन कामगार संघटनांची वर्गणी कापलेली! पहिलीचा फॉर्म त्याने भरतीच्या वेळी भरला होता. दुसरीचा आगारात, ड्युटी लावणाऱ्याच्या टेबलावर त्याच्यापुढे सरकवला गेला. सही केली नाहीस तर रोज रात्रीच्या मुक्कामाची, वस्तीची गाडी, असं स्पष्ट कुणी बोलत नाही. बोलावं लागतच नाही.

महाराष्ट्रात कामगार संघटनांच्या मान्यतेच्या १९७१ च्या कायद्याने संघटनेला मान्यता, म्हणजे कामगारांच्या वतीने वाटाघाटीचा हक्क, मिळत आला तो अशाच सह्यांवर. अर्जाच्या आधीचे सलग ६ महिने किमान ३० टक्के कर्मचारी आपले सदस्य होते, एवढं औद्योगिक न्यायालयात दाखवायचं. तपासणीत सदस्य नोंदवही, पावत्यांच्या स्थळप्रती, वर्गणीचा भरणा बघतात. मतदान नाहीच. दुसऱ्या संघटनेने दावा केला की दोन्हीकडच्या याद्यांत तीच नावं निघतात. मग हरकती, पडताळणी, तारखा. तोवर वाटाघाटीला जुनीच मंडळी बसणार. त्या वाहकाला आपल्या वतीने कोण बोलायला हवंय, हे कुणी विचारतच नाही.

रेल्वेत २००७ पासून गुप्त मतदान आहे. २०१३ नंतरचं मतदान थेट २०२४ च्या डिसेंबरात झालं, हे लाजिरवाणं आहे, मान्य. पण झालं, आणि तेही दोन-दोन वर्गण्या न मोजता.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात अनेक संघटनांपैकी एकीलाच वाटाघाटीचा हक्क हवा असेल तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. हजेरीपटावरच्या, मत देणाऱ्यांच्या नव्हे! समजा १००० कामगार आहेत आणि गुप्त मतदानात ७०० जणांनी मत दिलं. एका संघटनेला ४८०, दुसरीला २२०. पहिलीला पडलेल्या मतांच्या ६८ टक्क्यांहून जास्त मिळाली, तरी ती एकटी बोलू शकत नाही. दर २० टक्क्यांना एक प्रतिनिधी धरून दोन्ही संघटनांची मिळून वाटाघाटी परिषद बसवायची. आणि रजेवरचे, आजारी, गाडीवर असलेले ३०० जण न विचारता विरोधात गेले.

अमेरिकेत रेल्वे आणि विमान कर्मचाऱ्यांना असाच नियम होता. मत न देणारा संघटनेच्या विरोधात धरायचा. २००८ मध्ये डेल्टा या विमान कंपनीच्या केबिन क्रूची संघटना त्यातच पडली. निम्म्याहून कमी मतदान झालं, विषय संपला. २०१० मध्ये नियम बदलला, पडलेल्या मतांचं बहुमत धरू लागले. त्याच वर्षी डेल्टात पुन्हा मतदान झालं आणि संघटना पुन्हा हरली. हरू दे. मोजणी तरी सरळ झाली.

सरळ मोजायचं तर आधी मत टाकता आलं पाहिजे. सकाळी १० ते ५ पेटी ठेवली की कार्यशाळा आणि कार्यालय मत देतं, चालक-वाहक राहतात. वस्तीची गाडी दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी परतते. म्हणून सलग दोन दिवस, पहिली गाडी सुटण्याआधीपासून शेवटची रोकड भरली जाईपर्यंत पेटी हवी, आणि तीही रोकड खिडकीजवळ. ड्युटी लावतात त्या खोलीत तर मुळीच नको. यादी बिल्ला क्रमांकानुसार आधीच फलकावर लावा, बदली होऊन आलेल्यांची नावं तिथेच गळतात. आणि मोजणी आगारनिहाय करू नका! साठ-सत्तर मतांच्या आगारात निकाल लागला की कोण कुठे गेलं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि पुढच्या महिन्यात बदल्या निघतात. विभागातल्या सगळ्या पेट्या एकत्र मिसळा, मगच मोजा.

मतदान आलं की जातीचं, पैशाचं राजकारण येतं, हे खरं आहे. येतं. पण आज त्या वाहकाच्या सहीवर जे चाललंय त्याहून ते वाईट नाही. तो बिचारा दोन्ही वर्गण्या मुकाट्याने देतोय, कारण एक बंद करायला गेलं तर नाव कळतं.

राहिले भाड्याच्या ई-बसवरचे चालक. गाडी त्याच आगारातून, त्याच मार्गावर धावते, पण हजेरी ठेकेदाराकडे. आपल्या यादीत ते बसत नाहीत, कायदाच तसा आहे. मग ठेकेदाराच्या हजेरीपटावरून त्यांची वेगळी यादी करा आणि त्यांचंही मतदान घ्या, त्याच दोन दिवसांत, त्याच आगारात.