अँप्लिफायरने मेटल डिटेक्टरची खोली वाढत नाही

हेडफोनचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर लावला की मेटल डिटेक्टर जमिनीत जास्त खोलवरचं पकडतो, असं एका लेखात म्हटलंय, ते काही पटलं नाही. खोली ठरते ती कॉइल (डिटेक्टरची जमिनीवरून फिरवायची तबकडी), वस्तूचा आकार आणि जमिनीतली खनिजं यांवर. ऑस्ट्रेलियात बॅलरॅटच्या बाजूला सोनं शोधणारे कान लावून बसतात ते थ्रेशोल्डच्या, म्हणजे डिटेक्टरच्या सतत चालू असणाऱ्या बारीक गुणगुणीकडे. खोलवरच्या बारक्या तुकड्यावर ती जेमतेम हलते, बस्स! तेवढं हलणं वाऱ्यात ऐकू यावं, एवढंच अँप्लिफायरचं काम. शिवाय खरखरही तेवढीच वाढते, ते लेखात सांगायचं राहिलंच. आणि लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय) नसलेला अँप्लिफायर घेऊच नका, वरवर पडलेल्या पत्र्यावरून कॉइल गेली की कानठळ्या बसतात. साध्या ब्लूटूथ हेडफोनचं तर नावच नको, त्यात आवाज उशिरा पोचतो. आवाज येईपर्यंत कॉइल पुढे गेलेली असते.