स्केल 5, पण का?

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये झाडाच्या पानाचं टेक्श्चर नोड्सनी, म्हणजे वायरींनी जोडायच्या ठोकळ्यांनी, करायला शिकतेय आणि शिकवणाऱ्या प्रत्येक व्हिडिओत तेच. “नॉइज टेक्श्चर घ्या, स्केल 5 करा, कलर रॅम्पला जोडा.” स्केल म्हणजे नक्षी किती बारीक ते. अहो, पण 5 का? माझं पान वेगळ्या मापाचं, यूव्ही (पृष्ठभागाचा सपाट नकाशा) वेगळा उलगडलेला, त्या 5 चं मी करू काय? नॉइज 0 ते 1 मधले आकडे देतो आणि रॅम्प त्या आकड्यांना रंग वाटतो, एवढं एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो! मला ते कळायला तीन रात्री गेल्या.

शिरांचं तर विचारूच नका. व्होरोनॉय (पेशींसारखी नक्षी देणारा नोड) लावतात आणि म्हणतात, झाल्या शिरा. अहो, त्याने बारीक जाळी मिळते. मधली जाड शीर काढायला यूव्हीच्या मध्यरेषेपासूनचं अंतर मोजावं लागतं, आणि नेमकं तिथेच व्हिडिओ पळवतात!

मग तेच पान फांदीवर दोनशे वेळा लावलं की सगळ्यांवर डाग एकाच जागी. ब्लेंडरमध्ये ऑब्जेक्ट इन्फो नोडचा रँडम आकडा, जो प्रत्येक प्रतीला वेगळा मिळतो, नॉइजच्या कोऑर्डिनेट्समध्ये (जागेच्या आकड्यांमध्ये) मिसळला की प्रत्येक पान वेगळं दिसतं. हे तरी सांगा ना! मागून ऊन आलं की पान कसं पोपटी उजळतं, ते मला जमवायचंय. तुमच्या वायरी नुसत्या उतरवून घ्यायच्या नाहीत.