प्रामाणिकपणाचं पण मार्केटिंग करता, लाज वाटत नाही का?

"आम्ही प्रामाणिक आहोत" असं स्वतःच ओरडून सांगणाऱ्या कंपन्यांचा मला आता खरंच वीट आलाय. माल चांगला असेल नसेल तो पुढचा प्रश्न, पण खोटं बोलायचं आणि वर विश्वासाच्या गप्पा मारायच्या, हे डोक्यात जातं.

परवा एक ऑनलाइन कोर्स बघत होतो. वर लाल अक्षरात घड्याळ पळतंय, ऑफर संपायला 15 मिनिटं, खाली 'फक्त 3 जागा शिल्लक'. अरे, रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आहेत ते, त्याला जागा कसल्या आल्या? दुसऱ्या ब्राउजरमध्ये तेच पेज उघडलं तर घड्याळ परत 15 पासून सुरू आणि जागा तेवढ्याच 3. म्हणजे कुणीतरी शांतपणे बसून, विचार करून हे खोटं कोडमध्ये घातलंय. आणि त्याच पेजवर खाली 'पारदर्शकता हा आमचा पाया' असं लिहिलंय!

आणि हे एकाचं नाही. 2019 मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी जवळपास 11 हजार शॉपिंग साइट्स तपासल्या, त्यात गिऱ्हाईकाला फसवायच्या किंवा घाई करायला लावायच्या 1,818 जागा सापडल्या. घड्याळ संपलं तरी ऑफर चालूच. 'आत्ताच अमुक जणांनी घेतलं' हा जो आकडा दिसतो ना, तो काही ठिकाणी कॉम्प्युटरच मनाला येईल तो टाकत होता, खरेदी कुणी केलेलीच नव्हती.

मग ते ईमेल. 'मी फाउंडर, आज मनापासून तुम्हाला लिहितोय', पहिल्या नावाने हाक, बालपणीचा संघर्ष, रडू येईल अशी गोष्ट. मी खरंच वेळ काढून उत्तर लिहिलं, तर मेल परत आला, म्हणे या पत्त्यावर उत्तरं स्वीकारली जात नाहीत. मनापासून बोलायचंय तर समोरच्याचं ऐकून घ्यायची तयारी नको का?

यावर मार्केटिंगवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं, थोडं वाढवून सांगावंच लागतं हो. नाही! आमचा माल लय भारी आहे म्हणणं वेगळं आणि जे नाही ते आहे म्हणून सांगणं वेगळं. फोक्सवॅगनने 'क्लीन डिझेल' म्हणून गाड्या खपवल्या आणि 2015 मध्ये उघड झालं की गाडीतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करायचं, जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांमध्ये. पर्यावरणाची काळजी म्हणून ज्यांनी जास्तीचे पैसे मोजले असतील त्यांच्या मनाचं काय झालं असेल? ह्याला वाढवून सांगणं म्हणायचं का?

सगळ्यात जास्त चीड येते ती खरं बोलणाऱ्यांचं नुकसान होतं म्हणून. एखादा बिचारा एकटा धंदा करतो, सरळ लिहितो की डिलिव्हरीला वेळ लागेल, किंवा तुमची गरज अशी असेल तर हे घेऊ नका, आणि त्याचं पेज शेजारच्या खोट्या पंचतारांकित पेजसमोर फिकं दिसतं, लोक तिकडे जातात, तो हळूहळू बंद पडतो. हा अन्याय आहे, दुसरा शब्द नाही.

रिव्ह्यूचं तर बोलूच नका. विकतचे फाइव्ह स्टार एका मिनिटात वर चढतात. अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, 2024 मध्ये नियमच केला, खोटे रिव्ह्यू विकत घ्यायचे नाहीत आणि वाईट रिव्ह्यू दाबून 'आम्ही सगळे दाखवतो' असं भासवायचं नाही. नियम करायची वेळ आली, म्हणजे प्रकार किती माजला असेल बघा. मी एका कंपनीला एक स्टार दिला, कारणं लिहिली, फोटो जोडले, एक शिवी नाही. तो रिव्ह्यू अजून 'तपासणीत' आहे, आणि त्यांचं 4.9 रेटिंग मात्र रोज माझ्या फोनवर जाहिरातीत झळकतंय.