आधी शेजारची भाषा

मूल आठवीत गेलं की घरोघरी एकच चर्चा. फ्रेंच घ्यायचं की जर्मन, मार्क कशात जास्त पडतात? शिकू देत, माझी काही हरकत नाही. पण सोलापुरात राहून "कन्नड शिकवू का तेलुगू?" असं विचारणारा पालक मला अजून भेटायचाय. दुसरी भाषा शिकायची तर पहिला मान शेजारणीचा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी मूळचा पुण्याचा. बँकेच्या नोकरीने अक्कलकोट तालुक्यात आणून टाकलं. इथल्या कित्येक घरांत कन्नडच चालते. पेन्शनला येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना मराठी जेमतेम कळतं, हिंदी तर मुळीच नाही. ("हिंदीवर देशभर काम भागतं" म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या काउंटरवर बसून बघावं.) आजीबरोबर मुलगा नाहीतर नातू यायचा, तोच दुभाषी. ती मिनिटभर बोलायची आणि हा एवढंच सांगायचा, "दोन हजार काढायचेत." बाकीचं कुठे गेलं?

आमच्या शिपाईमामांनी मला कामापुरतं कन्नड शिकवलं. "बर्री अज्जी, कूडरी" (या आजी, बसा), "एष्टु बेकु?" (किती हवेत?) इथून सुरुवात. मग एकदा एक आजी एकटीच आली. पदराआडून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक काढलं, खिडकीतून आत सरकवलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, शिल्लक किती ते मला सांग, पोराला सांगू नको. हे वाक्य पोराच्याच तोंडून माझ्यापर्यंत कसं पोचणार होतं? खातं तिचं, अंगठा तिचा, आणि स्वतःच्या पैशाबद्दल गुपचूप एक प्रश्न विचारायची सोय नाही!

दुसरा फायदा माझ्या मराठीला झाला. कन्नड माणूस "पावती मिळालं नाही", "सही झालं" म्हणाला की आपल्याकडे खसखस पिकते. पण त्याच्या भाषेत निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी. पंखा तो, खुर्ची ती आणि टेबल ते का, याचं उत्तर आपल्याकडे तरी कुठे आहे? लहानपणापासून कानावर पडलं, एवढंच. आकड्यांचीही तीच गत. इप्पत्तोंदु म्हणजे आधी वीस, मग एक. सरळ कारभार. आपण आधी एक म्हणतो, मग वीस, आणि एकोणतीसला तिसातून एक वजा करायला लावतो. नोटा मोजताना समोरचा अडखळला तर तो अडाणी नसतो, आपली मोजणीच वाकडी आहे.

सीमाप्रश्न त्याच्या जागी. कन्नड शिकल्याने कुणाचं गाव कुणाकडे जात नाही. घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे एवढे मोठे कवी झाले की १९७३चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. आणि हेच बेंद्रे आमच्या सोलापूरच्या डी.ए.व्ही. कॉलेजात कित्येक वर्षं शिकवत होते. सोलापुरातल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

मेंदूचे फायदे हवेत? तेही आहेत. हैदराबादच्या निम्स या मोठ्या रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ साली निष्कर्ष छापून आले. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली होती, अगदी निरक्षरांतसुद्धा. सगळ्याच संशोधकांना हे पटलेलं नाही, पण मला त्यातली निरक्षरांची गोष्ट फार आवडते. त्यांनी कुठला क्लास लावला होता? बाजारात, गल्लीत, शेजारच्या ओट्यावर बसून शिकले.

माझं गाडं बोलण्यापर्यंत आलंय, लिपी अजून अडते. कर्नाटकच्या एसटीची पाटी वाचेपर्यंत गाडी स्टँडातून बाहेर पडलेली असते. सोलापूर-अक्कलकोट भागात संध्याकाळी कन्नड लिहा-वाचायला शिकवणारं कोणी माहीत असेल तर जरूर कळवा. बोली मात्र इकडचीच हवी, बेंगळुरूची नको. ती बोललो तर आमच्या आज्या हसतील.