बॅटरी बंद कर, मेल्या!

आमच्या ऑफिसात रजेचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि कारण दिलेल्या यादीतून निवडायचं असतं. आजारपण आहे, लग्नकार्य आहे, ‘इतर’ही आहे. ‘कुर्ल्या’ नाही. म्हणून दर जूनमध्ये मी ‘शेतीची कामे’ असं टाकतो. आमचे साहेब लुधियानाचे. शेती म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टर येतो आणि ते माझ्याकडे जरा आदराने बघतात. हा गैरसमज मी जपून ठेवला आहे. म्हाताऱ्या वडिलांबरोबर रात्री मळ्यात कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरायला चाललोय, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

वडील म्हणजे आमचे अण्णा. वय अठ्ठ्याहत्तर. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा ‘पिकू दे अजून’ म्हणून राखून ठेवलेला. साखर आहे, बीपी आहे, गुडघे दोन्ही बाद. एरवी देवळाच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबून ते नसलेल्या माणसाची चौकशी करतात, म्हणजे दम लागलाय हे कळू नये. पण मृगाचा पाऊस कौलांवर वाजायला लागला की हाच माणूस गडग्यावरून उडी मारायच्या गोष्टी करतो.

आमच्या घराण्यात एके काळी शिकार म्हणजे खरीच शिकार होती. आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. नळीत दारू ठासा, छर्रे भरा, वर चिंध्या कोंबा, आणि हे सगळं होईपर्यंत डुकराने शेतात थांबायचं. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि बंदुकीला काम उरलं ते निवडणुकीपुरतं. आचारसंहिता लागली की हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात. अण्णा ती खांद्यावर टाकून नेऊन द्यायचे, निकाल लागल्यावर परत आणायचे. रानापेक्षा त्या बंदुकीने पोलीस ठाणंच जास्त पाहिलं. आजोबांच्या मागे परवाना काही पुढे सरकला नाही आणि बंदूक कायमची जमा झाली. डुकरं मात्र अजून येतात, भात आडवं करून जातात. अण्णा खळ्यात उभे राहून त्यांना मालवणीत शिव्या घालतात. तेवढी मुभा कायद्यात आहे.

उरल्या कुर्ल्या. उन्हाळाभर त्या मेरेतल्या, म्हणजे शेताच्या बांधातल्या, बिळात खोल बसून असतात आणि मृगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला की रात्री बाहेर पडतात. त्याच सुमाराला व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, मासे उलटे मळ्याकडे चढायला लागतात. इकडे 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद, बाजारात दिसते ती बर्फातली सुरमई आणि तिचा भाव. तेव्हा दोन महिने आम्ही दुधी-पडवळावर काढावेत अशी अपेक्षा सरकारचीही नसावी. अख्खा गाव बॅटऱ्या घेऊन मळ्यात उतरतो. अण्णा त्याला आजही ‘शिकारीक जावया’ असंच म्हणतात.

मुहूर्त काढणं हे पहिलं संकट. अण्णांच्या मते पुनवेची कुर्ली पोकळ आणि अवसेची भरलेली, त्यामुळे रात्र काळोखी हवी. पाऊस संध्याकाळी पडून रात्री उघडलेला हवा. अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरात मृगाचं वाहन बघतात. बेडूक किंवा म्हैस असली की खूश. मी मोबाइलवर हवामान बघतो. तिथे ऑरेंज अलर्ट असतो. ‘बेडूक इलो हा, आता तुझो अलर्ट काय करतलो?’ असं म्हणून ते फोन ठेवतात. काळोख, पाऊस आणि माझी रजा यांचं जमेपर्यंत माझं निम्मं रक्त आटलेलं असतं.

त्याआधी आईचा फोन होऊन गेलेला असतो. अण्णा परसात गेले की ती कुजबुजत बोलते. “त्येंका सांगू नको मी सांगलंय म्हणान,” इथून सुरुवात. डॉक्टरांनी चिखलात पाय घालू नका म्हणून बजावलंय, टाचेला भेग आहे, साखरेच्या माणसाची जखम भरत नाही, आणि लेप्टोची, चिखलपाण्यातून होणाऱ्या त्या तापाची, साथ म्हणजे खेळ आहे काय? आरोग्यसेविका घरी येऊन लेप्टोच्या गोळ्या देऊन जाते. अण्णा तिच्याशी अदबीने बोलतात, गोळ्या हातात घेतात आणि कॅलेंडरच्या मागे सरकवतात. मी मुंबईहून गुडघ्यापर्यंतचे बूट आणतो. तेही दरवर्षी मांगरात जातात. “बूट घालून कुर्ल्यो गावतत काय रे?” या प्रश्नाला वैद्यकशास्त्राकडे उत्तर नाही.

निघायचे नियम आहेत. कुठे चाललो हे कोणी विचारता कामा नये, विचारलं तर शिकार मिळत नाही. नेमकं शेजारच्या काकांचं घर वाटेवर आहे. ते अण्णांपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, आता उठवत नाही म्हणून ओसरीवर बसून असतात, आणि आमची वाट बघत जागे असतात असा मला दाट संशय आहे. “काय अण्णानू, खंय चललात?” झालं. अण्णा माघारी फिरतात, घरी येऊन घोटभर पाणी पितात, आणि पुन्हा पहिल्यापासून निघतात. दुसऱ्या खेपेला काका खोकतात फक्त. त्या खोकल्याचा प्रश्नात समावेश होतो की नाही यावर आमची पाणंदीत, भर पावसात, चर्चा होते.

दुसरा नियम, सापाला साप म्हणायचं नाही. ‘जनावर’ म्हणायचं. आमच्याकडे कातळाच्या बाजूला फुरशी पुष्कळ. फुरसं वीतभर-हातभर लांबीचं, रंगाने वाळक्या पाचोळ्यात मिसळून जाणारं. मी आधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं इंजेक्शन आहे ना, याची खात्री करून घेतो आणि फोनमध्ये 108 वर बोट ठेवूनच चालतो. अण्णा अनवाणी पुढे, मी सगळा सरंजाम घालून मागे.

तिसरा नियम मौनाचा. तो फक्त मला लागू आहे.

खरं रण पेटतं ते उजेडावरून. पूर्वी गॅसबत्ती असायची. रेशनचं रॉकेल बंद झालं आणि ती माळ्यावर गेली. मी कपाळाला बांधायची एलईडी बॅटरी मागवली, तिने अर्धा मळा पांढराफटक होतो. अण्णांकडे तीन सेलची पत्र्याची जुनी बॅटरी आहे, जी मांडीवर दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही आणि लागली की काविळीचा उजेड देते. मी माझी पेटवली की अंधारातून आवाज येतो, “बॅटरी बंद कर, मेल्या! पळतली ती!” ‘ती’ कुठे आहे हे मला दिसलेलं नसतं. मी बंद करतो. आता अण्णाही दिसत नाहीत. काळोखात फक्त बेडूक, व्हाळाचं पाणी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा बीपीचा पेशंट. मी पुन्हा पेटवतो. पुन्हा मेल्या.

माझं तिथलं खरं काम मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. कुर्ल्या धरायला मी जातच नाही. अण्णांना सावरायचं आणि सावरतोय हे त्यांना कळू द्यायचं नाही, यासाठी माझी नेमणूक असते. हात पुढे केला तर “मी काय म्हातारो झालंय?” म्हणून ते मुद्दाम निसरड्या मेरेवरून जातात. म्हणून मी उलट सुरू केलं. “अण्णा, माझा पाय सरकतोय हो, जरा धरा.” अण्णा तत्काळ थांबतात, माझं मनगट घट्ट पकडतात, “शेरातले पाय तुमचे, लिफ्टीत जल्म गेलो,” असं म्हणतात आणि आम्ही दोघे एकमेकांना धरून व्हाळ ओलांडतो. कोणाचा भार कोणावर, हे विचारू नये. अलीकडे मला शंका येते ती वेगळीच. मेर सरळ आहे, चिखल नाही, अशा ठिकाणीही अण्णा आपणहून विचारतात, “तुझो पाय सरकता मा रे?” मी हो म्हणतो.

पण एकदा कुर्ली दिसली की मात्र मी नुसता बघत राहतो. मेरेच्या कडेला, पाण्याच्या जरा वर, काळपट तपकिरी पाठ चकाकते. देठांवरचे दोन डोळे उजेडात चमकतात आणि ती जागच्या जागी थबकते. मग दोन्ही डेंगे, म्हणजे नांग्या, वर उचलून, अंग मागे रेलून, ती आमच्याकडे तोंड करून उभी राहते. कोपऱ्यावर रिक्षावाला मीटरवरून भांडायला उभा राहावा तशी. मी समोरून हात घालतो, ती हाताला लागत नाही, डेंगा तेवढा बोटाला लागतो. अण्णा पुढून उजेड धरून मागून हात नेतात. त्या हाताला एरवी कापरं आहे, चहाची बशी वाजते. इथे तो हलत नाही. अंगठा पाठीवर, दोन बोटं पोटाखाली, संपलं. ती डेंगे हवेत फिरवते, पण तिथवर पोचत नाहीत.

मग ते तिला उलटी करून पोटाचं झाकण बघतात. निमुळतं असलं तर नर, बादलीत. रुंद असलं तर मादी, आणि मग ते झाकण अंगठ्याच्या नखाने हलकेच उचलून बघायचं. या वर्षी एका मोठ्या मादीच्या पोटाखाली मसुरीएवढी पिल्लं होती, दाटीवाटीने, प्रत्येकाला पाय फुटलेले, सगळी वळवळत. मळ्यातल्या कुर्लीचं पिल्लू अंड्यातून थेट कुर्लीच होऊन बाहेर येतं आणि काही दिवस आईच्या पोटाशीच राहतं. अण्णांनी खाली वाकून, गुडघ्याचा आवाज काढत, तिला होती तिथेच ठेवली. “आवस आसा ती. जांव दे.” आवस म्हणजे आई. एका डोळ्यात मोतीबिंदू राखून ठेवलेल्या माणसाला मसुरीएवढी पिल्लं दिसतात. पुढच्या पावलाला असलेला फूटभर खड्डा दिसत नाही. त्यात मग आम्ही दोघेही जातो, “माझा पाय सरकला” असं मी पडता पडता सांगतो.

बिळात हात घालण्यावरून आमचं दरवर्षी भांडण होतं. तोंडाशी ताज्या ओल्या मातीच्या गोळ्या दिसल्या तर आत कुर्लीच, असा त्यांचा सिद्धान्त. आणि जनावर असलं तर? “जनावराक हातान माती काडूक हात खंय आसत?” तर्क बिनतोड आहे, पण तयार बीळ भाड्याने घेणाऱ्या जनावरांचा त्यात विचार केलेला नाही. अखेर मी काठी आत घालतो, कुर्ली काठीला धरते, अण्णा तोंड फिरवून उभे राहतात. काठीने धरलेली कुर्ली ते मोजत नाहीत.

मध्यरात्रीच्या पुढे आम्ही घरी आलो. बादली पडवीत ठेवली. मी वर ताट झाकून त्यावर वरवंटा ठेवायला गेलो, तर अण्णांनी अडवलं. “जीव गुदमारता तेंचो. तोंड उघडा ठेव.” उद्या सकाळी ज्यांचे पाय खलबत्त्यात कुटून, गाळून, तो रस आमटीत घालायचा आहे, त्यांच्या श्वासाची काळजी. पण मी दमलो होतो आणि बिऱ्हाड त्यांचं होतं.

दोनच्या सुमाराला आईची किंकाळी आली.

दिवा लावला तर कुर्ल्या सगळीकडे. एक उंबऱ्यावर डेंगे उगारून, एक फ्रिजखाली जाताना, दोन माझ्या मुंबईच्या बॅगेशी, आणि एक अण्णांच्या औषधांच्या डब्यापाशी, जिथे अण्णा स्वतः फिरकत नाहीत. आई खाटेवर पाय वर घेऊन बसलेली, तिथून ती अण्णांच्या लग्नापासूनच्या चुका क्रमाने सांगत होती. अण्णांनी खाटेवरूनच सूत्रं हाती घेतली. “बॅटरी पेटव, मेल्या! बघतंस काय?” रात्रभर मी हे एक वाक्य ऐकायला तरसलो होतो.

जमीन सपाट, चिखल नाही, जनावर नाही, लेप्टो नाही. झाडूने ढकलून घमेल्यात घ्यायच्या. मी आईला म्हटलंसुद्धा, पुढच्या वर्षी बाजारातून विकत आणून घरातच सोडूया, शिकारीची शिकार आणि डॉक्टरही खूश. अण्णा त्यावर माझ्याशी चहापर्यंत बोलले नाहीत.

मोजणी झाली. अण्णा म्हणाले अठरा होत्या. मिळाल्या सतरा. काठीने धरलेली धरून की सोडून, हे विचारायची सोय नव्हती. आमटी झाली, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप, त्रिफळं, दोन सोलं. अण्णांना डॉक्टरांनी बेतानेच खा म्हटलंय आणि कवळीने डेंगे फुटत नाहीत, म्हणून ते “मी नुसतो रसो घेतंय,” असं म्हणत तीनदा रसा घेतात. डेंगे मी फोडून त्यांच्या ताटात टाकतो, तिकडे ते बघत नाहीत, पण ताटात काही उरत नाही.

मी मुंबईला आलो आणि तिसऱ्या दिवशी फोन आला. अण्णांचा आवाज भरून आलेला.

“गावली रे! अठरावी! मी सांगतंय तां खोटा काय?”

“कुठे होती?”

“देव्हाऱ्याच्या खाली. केवडी मोठी आसा म्हायत हा?”

“मग धरलीत का?”

“मी कसो धरतलो? खाली कोण वाकतलो? माजे गुडघे गेले मा.”

मागून आईचा आवाज स्पष्ट आला. “काल रात्री काकांच्या मळ्यात वाकलात तेवा बरे होते ते गुडघे?”

अण्णांनी फोन कट केला.