आधी वह्या, मग अहवाल

शिक्षकांनी वर्गातच कृतिसंशोधन करावं, म्हणजे आपल्याच वर्गातली अडचण शोधून, उपाय करून, फरक पडला का ते तपासावं, त्यातून शाळा सुधारते, हे एका लेखातलं म्हणणं पटलं. पण कृतिसंशोधन म्हटलं की स्पायरल बाइंडिंगचा अहवालच डोळ्यांपुढे येतो. बी.एड.ला आम्ही मागच्या बॅचची फाइल नाव बदलून दिली होती. खोटं कशाला बोलू!

खरं संशोधन घडलं तिसरीच्या वर्गात, तेही चुकून. ५२ वजा २७ चं उत्तर निम्म्या वर्गाने ३५ काढलेलं. एरवी फुली मारून मोकळी झाले असते. त्या दिवशी एकीला विचारलं, "कसं केलंस गं?" "बाई, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले." म्हणजे नियम तिने स्वतःच बनवला होता! मग काड्यांचे दशकाचे गठ्ठे सोडून सुटे करायला लावले. पंधरा दिवसांनी तीच गणितं पुन्हा दिली आणि जुन्या वह्या शेजारी ठेवून ताडून पाहिली. चार-पाच पोरं अजून अडतातच.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. त्यातला अर्धा तास तरी केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत अशा वह्या मांडून बोलायला मिळेल का? आमच्याकडे तो वेळ ऑनलाइन माहिती भरण्याच्या सूचना ऐकण्यात जातो.