"दुर्बीण नको, गळ्याची सोनोग्राफीच करा" हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

डिचोली, साखळी, फोंडा, सगळीकडच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय: तान्ह्या बाळाचा आवाज बसला किंवा श्वास घेताना घरघर येत असली तर नाकातून दुर्बीण घालू देऊ नका, गळ्यावरून सोनोग्राफी केली की सगळं कळतं, दुर्बीण म्हणजे बाळाला भूल आणि डॉक्टरला कमाई.

सोनोग्राफीने व्होकल कॉर्ड, म्हणजे स्वरयंत्रातल्या आवाज काढणाऱ्या दोन पट्ट्या, दिसतात हे अगदी खरंय. लहान मुलांच्या स्वरयंत्राची कूर्चा मऊ असते, मोठ्या माणसांसारखी कॅल्शियम साठून कडक झालेली नसते, म्हणून लहरी आत जातात आणि बाळ रडताना दोन्ही पट्ट्या मिटतात-उघडतात की एक तशीच पडून राहते ते स्क्रीनवर थेट दिसतं, रेडिएशन नाही, भूलही नाही. हृदयाच्या ऑपरेशननंतर तर ही टेस्ट फार कामाची, कारण डाव्या कॉर्डची नस छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून वळून परत वर येते आणि तिथली जन्मजात उघडी राहिलेली नळी बांधताना तिला इजा होऊ शकते. असं बाळ आयसीयूत असताना खाटेवरच परत परत बघता येतं.

पण "सगळं कळतं" हे साफ चूक. सोनोग्राफी मुख्यतः एकाच प्रश्नाचं उत्तर देते, कॉर्ड हलतात की नाही. तान्ह्या बाळांत घरघरीचं सगळ्यात कॉमन कारण म्हणजे लॅरिंगोमलेशिया, कॉर्डच्या वरचा भाग ढिला असतो आणि श्वास घेताना आत ओढला जातो, तिथे कॉर्ड मस्त हलत असतात, मग रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आईबाप निर्धास्त घरी जाणार का? कॉर्डवरचे मस्से, पातळ पडदा, खाली अरुंद झालेली श्वासनलिका, यांसाठी आत बघावंच लागतं. शिवाय सोनोग्राफी करणाऱ्याचा हात सरावाचा लागतो, आणि कॉर्ड हलत नाही असं दिसलं तरी सहसा दुर्बिणीने खात्री करतात, मग का हलत नाही त्याचा शोध, कधी मेंदूचा एमआरआयसुद्धा, आणि दूध श्वासनलिकेत जातंय का तेही तपासतात.

भुलीचं म्हणाल तर दोन वेगळ्या दुर्बिणींची गल्लत झालीय. नाकातून घालायची ती बारीक, लवचिक असते, बाळ जागं असताना आईच्या मांडीवर बसवून करतात, थोडक्यात उरकते, बाळ रडतं हे मात्र खरं. भूल लागते ती खालची श्वासनलिका बघायला ऑपरेशन थिएटरात करतात त्या सरळ, कडक दुर्बिणीला.

कमाईचं काय, बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, सरकारी आहे, तिथले डॉक्टर पगारावर असतात.

आणि बाळाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळे पडत असतील किंवा दूध पिताना श्वास अडकत असेल तर कुठली टेस्ट बरी यावर ग्रुपवर चर्चा करत बसू नका, लगेच 108 ला फोन करा.